लिपुलेखची वाट : कैलास-मानस यात्रेच्या आखणीचा इतिहास

कैलास आणि मानसरोवर यांचे माहात्म्य सांगणारे वाङ्मय विपुल आहे; परंतु यात्रेकरू तेथवर पोहोचत कसा असे, कोणत्या महिन्यात निघे, त्याचे धान्य कोण वाही, जनावरे कोण पुरवी आणि परक्या मुलखात त्याच्याबद्दल हमी कोण देई, या प्रश्नांची उत्तरे त्या वाङ्मयात क्वचितच सापडतात. ती शोधू लागले की तीर्थयात्रेचा इतिहास हळूहळू व्यापाराच्या इतिहासात शिरतो. हिमालयाची मुख्य रांग ओलांडून पश्चिम तिबेटात जाणाऱ्या वाटा यात्रेकरूंच्या पावलांनी पडलेल्या नाहीत. त्या मीठ, लोकर आणि धान्य यांची ने-आण करणाऱ्या तांड्यांनी पाडल्या आणि टिकवल्या, आणि यात्रेकरू त्या तांड्यांच्या आसऱ्याने गेला. कुमाऊँ आणि गढवालच्या सीमेवरील भोटिया समाजाचे हे ऋण यात्रावर्णनांतून एखाद्या ओळीत उरकले जाते. प्रस्तुत लेखात त्या ऋणाचा मागोवा मुख्यतः लिपुलेख खिंडीच्या वाटेने घेतला आहे.

प्रथम स्थळांची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. सुमारे ६,६३८ मीटर उंचीचा कैलास आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे ४,५९० मीटर उंचीवर पसरलेले मानसरोवर ही दोन्ही ठिकाणे हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे, तिबेटच्या पठारावर आहेत. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या चार नद्यांचे उगम या परिसरातले. हिंदूंना हे शिवाचे स्थान, जैन परंपरेप्रमाणे ऋषभदेवांच्या निर्वाणाचे अष्टापद येथेच, बौद्धांना हा ‘गांग रिनपोछे’ म्हणजे हिमरत्न, आणि बौद्धधर्माच्या आगमनापूर्वीपासूनच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या बोन धर्मीयांनाही तो तितकाच पूज्य; फरक इतकाच की इतर सर्व जण पर्वत उजव्या हाताला ठेवून परिक्रमा करतात आणि बोन अनुयायी उलट दिशेने. तिबेटी पंचांगात दर बारा वर्षांनी येणाऱ्या अश्ववर्षात केलेली परिक्रमा विशेष पुण्यप्रद मानतात. १९३०, १९४२ आणि १९५४ ही अशी वर्षे होती, आणि त्या वर्षी मंगोलियापासून लडाखपर्यंतच्या यात्रेकरूंची तेथे दाटी होई. भारतातून येणाऱ्यापुढे मात्र आधी खिंडींचा प्रश्न उभा राही. माणा, नीती, कुंगरी-बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या सर्व वाटा पाच हजार मीटरांच्या आसपास किंवा त्याहून वर जातात आणि वर्षातील जेमतेम चार-पाच महिने उघड्या असतात. त्यांपैकी नेपाळच्या सीमेलगत, काली नदीच्या शिरोभागी असलेली लिपुलेख ही चढायला सर्वांत सोपी आणि लवकर उघडणारी. म्हणून यात्रेकरूंची अधिक पसंती तिलाच मिळाली.

संस्कृत साहित्याला ही भूमी अपरिचित नव्हती. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील मेघाला यक्ष जो मार्ग सांगतो, तो रामगिरीपासून कैलासावरील अलका नगरीपर्यंतचा आहे, वा. वि. मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले आणि ते बहुतेकांनी स्वीकारले. त्या मार्गात मानसाकडे जाणारे हंस ज्यातून पार होतात त्या क्रौंचरंध्राचा, म्हणजे पर्वतातील फटीचा, उल्लेख आहे. ते रंध्र नेमके कोणत्या खिंडीचे, याविषयी मतभेद असले, तरी हिमालयाच्या भिंतीला ठरावीक ठिकाणीच दारे आहेत, ही जाणीव त्या काळीही पक्की होती एवढे त्यावरून निश्चित दिसते.

अठराव्या शतकापर्यंत ही यात्रा करणारे भारतीय प्रामुख्याने संन्यासी होते. दशनामी संप्रदायातील गोसावी हे त्यांत अग्रभागी. महाराष्ट्राला गोसावी केवळ भिक्षेकरी म्हणून ठाऊक नाहीत. पेशवाईतील पुण्यात आणि भोसल्यांच्या नागपुरात त्यांच्या सावकारी पेढ्या होत्या, आणि मठांच्या साखळीमुळे हुंडी, माल व बातमी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेणे त्यांना सुलभ जाई. हेच गोसावी तिबेटात पोवळी, मोती यांसारखा वजनाला हलका आणि किमतीला भारी माल नेत व तिकडून सोन्याची भुकटी आणि कस्तुरी आणत. १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील जॉर्ज बोगल ताशिलहुन्पोला पंचेन लामांकडे गेला, तेव्हा त्याच्याबरोबर पुरनगीर नावाचा गोसावी होता. तिबेटी भाषा व दरबारी रीत जाणणारा हा साधू पुढे दोन्ही बाजूंचा विश्वासू मध्यस्थ झाला. यात्रा, व्यापार आणि वकिली ही तीन कामे एकाच माणसाच्या ठायी असणे त्या काळात कोणाला विसंगत वाटत नव्हते. तीर्थाच्या निमित्ताने परक्या राज्यातून मोकळेपणी जाता येई, आणि व्यापारातून त्या प्रवासाचा खर्च निघे.

प्राणपुरी या ऊर्ध्वबाहू साधूची हकिकत या संदर्भात महत्त्वाची आहे. ऊर्ध्वबाहू म्हणजे हात कायम डोक्यावर उभारून ठेवण्याचे व्रत घेतलेला. अशा अवस्थेत त्याने रामेश्वरापासून रशियापर्यंत प्रवास केला, तिबेटात जाऊन मानसरोवराचे दर्शन घेतले, आणि १७९२ मध्ये काशी येथे कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने त्याच्या तोंडून ही सारी हकिकत उतरवून घेऊन प्रसिद्ध केली. डंकन पुढे १७९५ पासून मृत्यूपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता व त्याचे स्मारक मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आहे. हात न वापरू शकणारा माणूस असा प्रवास एकट्याच्या बळावर करू शकत नाही, हे उघड आहे. प्रत्येक टप्प्यावर त्याला घास भरवणारे, वाट दाखवणारे कोणीतरी होते. पण त्यांची नावे कागदावर आली नाहीत.

परधर्मीयांनीही हाच आसरा घेतला. गोवा प्रांताचा जेझुइट धर्मगुरू आंतोनियु द आंद्राद १६२४ मध्ये आग्र्याहून निघाला, तो बद्रीनाथाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वेषात आणि त्यांच्याच सोबतीने. माणा खिंड ओलांडून तो पश्चिम तिबेटातील गुगे राज्याच्या त्सापरांग या राजधानीत पोहोचला आणि तेथे १६२६ मध्ये चर्चची पायाभरणी झाली. हंगामाच्या आरंभी, बर्फ पुरते वितळण्यापूर्वी, खिंड चढण्याचा त्याचा पहिला प्रयत्न हिमांधळेपणा आणि बधिर झालेले पाय यांवर थांबला. वाट उघडल्यावर मात्र तो पार झाला. हाच आंद्राद पुढे गोव्यात प्रांतप्रमुख झाला आणि १६३४ मध्ये तेथेच मरण पावला. त्यानंतर १७१५ च्या हिवाळ्यात इप्पोलितो देसिदेरी आणि मानुएल फ्रेयरे हे दोन जेझुइट लडाखहून ल्हासाकडे जाताना कैलासाच्या पायथ्यावरून गेले. त्यांनी एका विधवा अधिकारी स्त्रीच्या लष्करी तांड्याची सोबत मिळवली होती, आणि ती मिळाली नसती तर त्या निर्जन पठारावर त्यांचा निभाव लागला नसता, हे देसिदेरीच्या वृत्तांतावरून स्पष्ट होते.

१८१२ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट आणि हायडर हिअर्सी यांनी गोसाव्यांची सोंगे घेऊन, मायापुरी आणि हरगिरी या नावांनी, नीती खिंडीतून मानसरोवर गाठले. त्यांचा खरा उद्देश शालींसाठी लागणारी पश्म म्हणजे शेळीची मऊ अंतर्लोकर मिळवण्याचा होता. सोंग फारसे टिकले नाही. तरी ते पुढे जाऊ शकले, याचे श्रेय जोहार खोऱ्यातील मिलम गावच्या देबू आणि बीर सिंग रावत या व्यापारी बंधूंकडे जाते, कारण तिबेटी अधिकाऱ्यांपुढे या परक्यांची जबाबदारी त्यांनी पत्करली. खिंड ओलांडण्यासाठी वेष पुरेसा नसून हमीदार लागतो, हा या प्रसंगाचा अर्थ होता. याच रावत घराण्यातील नैनसिंग रावत याने पुढे १८६५-६६ मध्ये सर्वेक्षण खात्यासाठी काठमांडूहून ल्हासापर्यंत आणि तेथून मानसरोवरामार्गे परत असा प्रवास केला. एकशे आठऐवजी शंभर मण्यांची माळ ओढत त्याने पावले मोजली आणि टिपणे प्रार्थनाचक्रात दडवली. त्याच्या चातुर्याची कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिबेटी भाषा, तेथील शिष्टाचार आणि वाटांचे ज्ञान त्याला सर्वेक्षण खात्याने शिकवलेले नव्हते, ते घरच्या व्यापारातून आलेले होते.

हा व्यापार कसा चाले, ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण यात्रेचे सारे वेळापत्रक त्यावरच बेतलेले होते. भोटिया हे बाहेरच्यांनी दिलेले नाव. जोहारचे लोक स्वतःला शौका म्हणवतात, तर दारमा, व्यास आणि चौदास या तीन खोऱ्यांतील लोक रं. प्रत्येक खोऱ्याची खिंड ठरलेली आणि पलीकडची मंडी, म्हणजे हंगामी बाजारपेठ, हीसुद्धा बहुतांशी ठरलेली : जोहारी ग्यानिमाला, व्यास-चौदासचे लोक ताकलाकोटला, नीतीचे लोक नाब्राकडे. तिबेटात धान्य कमी आणि कुमाऊँच्या डोंगरात मीठ नाही, या दोन उणिवांवर ही देवघेव उभी होती. इकडून तांदूळ, गहू, सातू, गूळ, कापड आणि भांडी जात. तिकडून मीठ, टाकणखार, लोकर, पश्म आणि थोडे सोने येई. व्यवहार मुख्यतः वस्तुविनिमयाचा आणि तोही वाटेल त्याच्याशी नव्हे. प्रत्येक भोटिया कुटुंबाचा तिबेटात पिढीजात ‘मित्र’ असे, आणि हे मित्रत्व विधिपूर्वक जोडलेले, काही वेळा लेखी करारानेही बांधलेले असे. अशा मित्राचा माल दुसऱ्याने परस्पर घेणे हा गंभीर अपराध समजला जाई. उधारी वर्षानुवर्षे चाले. दुष्काळ पडला, जनावरे मेली तरी पुढच्या हंगामात हिशेब पुरा होईल, या विश्वासावर दोन्हीकडची घरे तगत.

मालवाहतुकीचे मुख्य साधन मेंढी आणि बकरी हे होते, ही गोष्ट मैदानातील वाचकाला नवलाची वाटेल. लोकरीच्या जाड विणीची, कडांना कातडे लावलेली लहानशी जोडपडशी, जिला करबछ म्हणत, जनावराच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबेल अशी टाकून छातीपुढून आणि शेपटीखालून पट्ट्याने आवळत. एकेक जनावर दहा-बारा किलो ओझे घेऊन, वाटेतले गवत खात, खेचराला पाऊल ठेवता येणार नाही अशा कड्यांच्या वाटेने जाई. मुक्काम पडला की या पडश्या उतरवून एकावर एक रचत आणि त्यांची छातीभर भिंत वाऱ्याकडच्या बाजूला उभी करून तिच्या आडोशाला चूल पेटवत. मंडीत पोहोचल्यावर मेंढ्यांची लोकर कातरून घेतली जाई. दख्खनच्या घाटांतून बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्याचे हे हिमालयीन भावंडच म्हटले पाहिजे. जड ओझे आणि माणसे वाहण्यासाठी झब्बू असे. याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेले हे जनावर याकाइतके थंडी सोसते आणि याकापेक्षा सौम्य असते. यात्रेकरू खिंडीच्या पलीकडे ज्यावर बसे किंवा ज्याच्यावर तंबू लादे, तो बहुधा हाच झब्बू.

हंगामाचा क्रम असा. हिवाळ्यात रं कुटुंबे धारचुल्याच्या आसपास काली नदीच्या उबदार काठावर उतरत, वसंत संपता संपता आपापल्या वरच्या गावांत परत जात, आणि जूनच्या सुमारास खिंड वाहती होई. त्याआधी तिबेटी अधिकाऱ्याचा माणूस खोऱ्यात येऊन कोठे साथीचा रोग आहे काय, याची चौकशी करी आणि गावच्या मुख्यांकडून तशी ग्वाही घेई. ग्वाही मिळाल्याशिवाय व्यापाराला मोकळीक नसे. आजच्या यात्रेकरूच्या दिल्लीत होणाऱ्या वैद्यकीय तपासणीविषयी वाचताना या जुन्या प्रथेची आठवण होणे स्वाभाविक आहे, मात्र एक भेद महत्त्वाचा आहे : तेव्हा तपासणी व्यक्तीची नसून खोऱ्याची होती, आणि उत्तरदायित्व सबंध गावाचे होते.

यात्रेकरूची आखणी या क्रमात बसवावी लागे. १८८४ मध्ये काठगोदामपर्यंत रेल्वे आल्यावर अल्मोडा हे यात्रेचे प्रस्थानस्थान ठरले. तेथून कैलास सुमारे २४० मैल, आणि ते अंतर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही प्रामुख्याने पायीच तोडावे लागे. अल्मोड्याहून अस्कोट, धारचुला, चौदासचा चढ, मग मालपाच्या बाजूचे निरुंद कडे, बुदी आणि शेवटी गर्ब्यांग असा हा मार्ग होता. जूनच्या आरंभी निघाले तर खालच्या खोऱ्यात उन्हाळा, मधल्या खोऱ्यात पाऊस आणि वर उरलेले बर्फ अशा तिन्ही ऋतूंचा सामना एकाच प्रवासात करावा लागे. उशिरा निघावे तर पावसाने कडे ढासळत, आणि फारच लांबले तर परतीच्या वेळी खिंड बंद होण्याचे भय. कुली आणि खेचरे टप्प्याटप्प्याने बदलत, कारण एका खोऱ्यातील माणूस दुसऱ्या खोऱ्याच्या हद्दीत फार आत जात नसे.

खरी आखणी गर्ब्यांगला होई. सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील या गावात नक्षीदार लाकडी दारा-खिडक्यांची दुमजली-तिमजली घरे होती, व्यापाराची समृद्धी त्यांवर दिसे, आणि आसपासच्या खोऱ्यांत हे गाव ‘छोटी विलायत’ म्हणून ओळखले जाई. यात्रेकरू येथे काही दिवस थांबे. खालून आणलेले जादा सामान एखाद्या घरात ठेवी, पुढच्या वाटेसाठी झब्बू आणि घोडे ठरवी, तंबू व जाड पांघरुणे भाड्याने घेई, दुभाष्या आणि वाटाड्या जोडी, आणि नोटांऐवजी चांदीचे रुपये गाठीशी बांधी, कारण पलीकडे त्यांचेच चलन खात्रीचे होते. तांदूळ, डाळ, गूळ आणि सातूचे पीठ पुरेसे घ्यावे लागे. तिबेटात मांस, लोणी आणि चहा मिळे. शाकाहारी यात्रेकरूची भूक त्यावर भागण्यासारखी नव्हती. सरपणही नाही, दामा नावाचे काटेरी झुडूप आणि याकाच्या गोवऱ्या एवढ्यावर चूल पेटवायची. लुटारूंचे भय खरे होते, म्हणून बंदूकधारी सोबती किंवा निदान एखाद्या मोठ्या तांड्याची संगत शोधली जाई. या सर्व व्यवस्थेला कोणतीही संस्था नव्हती, नियमपुस्तिका नव्हती. ती घरोघरच्या ओळखींवर चाले, आणि यात्रेकरू ज्याच्या घरी उतरला असेल त्या घराची अब्रू त्याच्या सुखरूप परतण्यात गुंतलेली असे.

लिपुलेख चढण्याची वेळ ठरलेली होती. कालापानी आणि नाभीढांगचे पडाव करून पहाटेच्या अंधारातच निघायचे, कारण रात्रीच्या थंडीने कडक झालेले बर्फ उन्हाने भुसभुशीत झाले की लादलेली जनावरे पोटापर्यंत रुततात, शिवाय दुपारी खिंडीवर वारा सुटतो. पलीकडे उतरले की त्याच दिवशी ताकलाकोट. कर्णालीच्या काठावरील या ठिकाणी वर कड्यावर सिंबिलिंग गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आणि तिबेटी जिल्हाधिकाऱ्याचा, जोङपोनचा, गढीवजा वाडा होता. खाली भारतीय व्यापाऱ्यांची मंडी. तेथील दुकानांच्या दगडमातीच्या भिंती वर्षभर उभ्या असत, छप्पर मात्र कापडी. हंगामात व्यापारी येऊन भिंतींवर तंबूचे कापड ताणत आणि जाताना काढून नेत. यात्रेकरू पुन्हा येथे थांबे, जनावरे बदली, जवळच्या खोजरनाथ मठाचे दर्शन घेई आणि कोणता तांडा कोणत्या दिवशी उत्तरेला निघणार, याची वाट पाही. पुढे गुरला खिंडीवरून राक्षसताल आणि मानस यांचे प्रथम दर्शन, बरखाचे मैदान, दारचेन, आणि तेथून सुमारे बावन्न किलोमीटरांची कैलास परिक्रमा, जिच्यात ५,६०० मीटरांहून उंच डोलमा खिंड आणि तिच्याखाली गौरीकुंड लागते.

हंगामाचा नियम मोडणाऱ्याचे काय होते, याचा दाखला ताकलाकोटच्या परिसरातच आहे. जम्मूच्या डोगरा सैन्याचा सेनापती जोरावरसिंग याने १८४१ मध्ये लडाखकडून येऊन थेट ताकलाकोटपर्यंतचा मुलूख जिंकला. परंतु हिवाळा तेथेच काढण्याची वेळ आली, रसद तुटली, आणि डिसेंबरमध्ये तोयो गावाजवळ तो मारला गेला. ताकलाकोटची उरलेली शिबंदी भर हिवाळ्यात खिंड ओलांडून कुमाऊँकडे पळाली आणि वाचलेल्यांपैकी अनेकांची हातापायांची बोटे हिमदंशाने गेली. जोरावरसिंगाची समाधी म्हणून दाखवला जाणारा चबुतरा पुढील शतकभर यात्रेकरूंच्या वाटेवर होता.

विसाव्या शतकात या मौखिक ज्ञानाला ग्रंथरूप देण्याचे काम स्वामी प्रणवानंद यांनी केले. आंध्रातील हे संन्यासी १९२८ मध्ये प्रथम कैलासाला गेले आणि नंतर वारंवार जात राहिले. १९३६-३७ चा संपूर्ण हिवाळा त्यांनी मानसकाठच्या ठुगोल्हो गोम्पात काढून सरोवर कसे गोठते, कसे तडकते आणि कसे वितळते, याची तारीखवार नोंद ठेवली. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कैलास-मानसरोवर’ या ग्रंथाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यातील मार्गतक्ते हे यात्रेच्या आखणीचे पहिले व्यवस्थित साधन होय : प्रत्येक पडावाचे अंतर, उंची, पाणी, सरपण, वस्ती, तसेच बरोबर घ्यायच्या वस्तू व औषधे, सर्व काही त्यात आहे. स्वेन हेडिनसारख्या युरोपीय संशोधकाने १९०७ मध्ये मानसात होडी घालून खोली मोजली आणि जगभर कीर्ती मिळवली, ती योग्यच आहे. पण सामान्य यात्रेकरूला जिवंत परत आणण्याच्या दृष्टीने प्रणवानंदांचे तक्ते अधिक मोलाचे होते. त्यांची माहिती जशी स्वतःच्या पायांनी मिळवलेली, तशीच गर्ब्यांग आणि मिलमच्या व्यापाऱ्यांकडून गोळा केलेली होती, हेही विसरता येत नाही.

तिबेटात चिनी सत्ता प्रस्थापित झाल्यानंतर या अलिखित व्यवस्थेला प्रथमच आंतरराष्ट्रीय कराराचे रूप आले. २९ एप्रिल १९५४ रोजी झालेला भारत-चीन करार आज पंचशीलाच्या तत्त्वांसाठी स्मरणात आहे. त्याचा मजकूर मात्र बहुतांशी व्यापार आणि यात्रा यांविषयीचा होता. त्यात पश्चिम तिबेटातील दहा मंड्यांची आणि सहा खिंडींची नावे होती, भारतीय यात्रेकरूंना कैलास व मानस आणि तिबेटी यात्रेकरूंना काशी, सारनाथ, गया व सांची येथे रूढीप्रमाणे जाण्याची मुभा होती, आणि यात्रेकरूला पारपत्राची गरज नसून सीमेवरील चौकीत नोंद करून परवाना घेणे पुरेसे होते. यात्रा आणि व्यापार एकाच दस्तऐवजात बांधणाऱ्यांना त्यांचे परस्परावलंबन कळले होते असे म्हणावे लागते. तरीही प्रत्यक्षात दरवर्षी अडचणी वाढत गेल्या. १९५९ च्या ल्हासा येथील उठावानंतर संशय बळावला, जून १९६२ मध्ये कराराची आठ वर्षांची मुदत नूतनीकरणाविना संपली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युद्ध झाले.

खिंडी बंद झाल्या, त्या वेळी यात्रेकरूचे एक तीर्थ दुरावले. भोटियांची मात्र उपजीविकाच गेली. तिबेटातील मित्राकडे थकलेली उधारी बुडाली, मेंढ्यांचे कळप विकावे लागले, मिलमसारखी शेकडो घरांची गावे ओस पडली. १९६७ मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि पुढील पिढ्या शिक्षण व सरकारी नोकरीकडे वळल्या. त्यांत त्यांनी चांगले यश मिळवले, परंतु खिंडीपलीकडची भाषा आणि ओळखी मागे पडल्या. श्रद्धा ओसरली म्हणून काही यात्रा थांबली नव्हती. ती चालवणारी घरेच वाटेवरून उठली होती, आणि हा मुद्दा यात्रेच्या इतिहासात जितक्या ठळकपणे मांडला जायला हवा तितका मांडला गेलेला नाही.

१९८१ मध्ये दोन्ही सरकारांच्या संमतीने यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा आखणीचा सारा भार शासनाने उचलला. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे, निवड सोडतीने, तपासणी दिल्लीत आणि पुन्हा वाटेत गुंजी येथे, निवास व भोजन कुमाऊँ मंडल विकास निगमाकडे, सुरक्षा भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक संपर्क अधिकारी. या व्यवस्थेने सामान्य गृहस्थाला आणि एकट्या स्त्रीला ही यात्रा शक्य केली, हे तिचे मोठे श्रेय आहे. महाराष्ट्रातून आणि गुजरातेतून जाणाऱ्यांची संख्या तेव्हापासून लक्षणीय राहिली. पण हिमालय वेळापत्रक मानत नाही. १८ ऑगस्ट १९९८ च्या पहाटे मालपा येथे कडा कोसळून यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांत होत्या. जुने तांडे मालपाचा तो निरुंद पट्टा ओलांडताना मुक्काम कोठे आणि किती करायचा याचे निर्णय आकाश आणि कडे पाहून घेत, तर ठरावीक दिवशी ठरावीक तळ गाठणे हा तुकड्यांच्या यात्रेचा नाइलाज असतो. २०१५ मध्ये सिक्कीममधील नथू ला खिंडीतून मोटारीने जाण्याचा दुसरा मार्ग खुला झाला. २०१७ मध्ये डोकलाम येथील भारत-चीन तणावामुळे तो त्या वर्षापुरता बंद पडला.

मे २०२० मध्ये लिपुलेखच्या जवळपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन झाले. त्यावर नेपाळने कालापानी-लिपुलेख प्रदेशावरील आपला दावा पुन्हा मांडला, आणि त्याच वर्षी साथीमुळे यात्रा थांबली, ती २०२५ च्या जूनपर्यंत. पुन्हा सुरू झालेल्या यात्रेत लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नासांच्या पाच आणि नथू लामार्गे दहा तुकड्यांची योजना होती. आता धारचुल्याहून गुंजी मोटारीने गाठता येते. जेथे पूर्वी आठवडा जाई तेथे एक दिवस पुरतो. विरळ हवेची सवय होण्यासाठी आता मुद्दाम मुक्काम करावे लागतात. चालणाऱ्याच्या शरीरात ती सवय आपोआप मुरत असे.

व्यापाराकडे पाहिले तर १९६२ नंतरच्या काळात जुना क्रम उलटा झालेला दिसतो. पूर्वी आधी तांडा आणि त्यामागून यात्रेकरू असे. १९८१ मध्ये यात्रा आधी सुरू झाली आणि लिपुलेखमार्गे मर्यादित व्यापाराला १९९२ साल उजाडावे लागले, आणि २०२५ मध्येही यात्रा जूनमध्ये निघाली, तर लिपुलेख, शिपकी ला व नथू ला येथून सीमाव्यापार पुन्हा खुला करण्यावर दोन्ही सरकारांचे एकमत ऑगस्टमध्ये झाले. परवान्याच्या यादीतील वस्तू घेऊन ताकलाकोटला जाणाऱ्या व्यापाऱ्याला आजोबांच्या मित्राचे घर तेथे सापडेलच असे नाही. म्हणून रं आणि शौका घराण्यांकडे उरलेले करारपत्रांचे कागद, उधारीच्या वह्या, करबछ, वजने-मापे आणि वृद्धांच्या तोंडच्या हकिकती यांचे संकलन तातडीने व्हायला हवे. जोहारच्या बाबतीत मुनस्यारी येथील एका खासगी संग्रहालयाने ते काम बऱ्याच अंशी केले आहे. व्यास खोऱ्यात, जेथून यात्रेची मुख्य वाट गेली आणि जेथील गर्ब्यांग गाव खचत्या जमिनीमुळे वर्षानुवर्षे मोडकळीस येत आहे, तेथे त्याची निकड अधिक आहे.